बाळंतपणातलं गार पाणी

"बोटांचं असू द्या. बाळंतपणात गार पाण्यात हात घातला होता का कधी?" श्रीरंगने विचारलं.

ओसरीवर हौसाबाई बसली होती. बांबूच्या कामट्या काढून टोपल्या विणणारी बाई. आता बोटं सुजून वाकडी झालेली, हातात कोयता ठरत नव्हता.

शेजारी निळोपंत वैद्य शेगडीवर फडकं तापवत होते. दुखरा भाग शेकल्याशिवाय रोग्याला काही विचारायचं नाही, ही त्यांची रीत. पण त्यांच्या शिष्याला, श्रीरंगला, धीर कुठला! तीन वर्षं ग्रंथ घोकलेला गडी. सुजलेला सांधा दिसला की तोंडातून श्लोक सुटायचा.



"घातला व्हता," हौसाबाई म्हणाली. "थोरला झाला तवा. बाराव्या दिशी नदीवर लंगोट धुतलं त्याचं."

"सव्वा महिना पाळला नाहीत? मग झालं तर! हेच कारण."

तिने मान खाली घातली. "सासूबी ह्येच म्हनायची. माझंच मला भोवलं."

तीस वर्षं ही बाई मनात ते घेऊन हिंडत होती. आज त्यावर वैद्याचा शिक्का बसला. वाईट वाटावं असाच तिचा चेहरा झाला.

पंतांनी गरम फडकं तिच्या बोटांवर ठेवलं. "घरात दुसरं कोण होतं गं धुवायला?"

"कुनी न्हाई, बाबा."

"मग लेकराला काय घाणीत ठेवणार होतीस?"

हौसाबाईला हुंदका आला. पंतांनी लेप बांधून दिला, तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासून घे म्हणून दोनदा बजावलं. डोळे पुसत ती निघाली.

"गुरुजी, माझं कारण चुकलं का?"

"ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"माझ्या थोरल्या बहिणीला मूलबाळ नाही. तिची बोटं याहून वाकडी. आणि हौसाची जाऊ सहाही बाळंतपणांत नदीवर गेली. ती अजून बांबू फोडते."

"मग खरं कारण कुठलं?"

"कुणाचा सांधा झिजतो. कुणाच्या घराण्यातच असतं. कुणाचं शरीर आपलं आपल्यावरच उलटतं. का उलटतं, ते मोठमोठे डॉक्टर अजून शोधताहेत."

श्रीरंग जरा घुटमळला. "पण रोग्याला काहीतरी सांगायला नको?"

पंत उठले. पायरीखालच्या श्रीरंगच्या चपला त्यांनी स्वतःच्या हाताने उचलल्या आणि त्याच्या पायाशी ठेवल्या.

"गुरुजी! हे काय करताय?"

"ओढा ओलांडायच्या आत गाठ तिला. 'मी बोललो खरा, पण मला ठाऊक नव्हतं,' एवढं सांगून ये."

"वैद्याने असं म्हणायचं? मग आपला मान काय राहील?"

"धाव. लेप तिने नेलाय, औषध इथंच राहिलंय."