चाळीस मिनिटांवरचं लग्न

करडवाडीत भागुजी नावाचा एक भोळा मामा राहायचा. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. तीच तर पंचाईत होती.

हिवरपूरला त्याची थोरली बहीण गोदाक्का. तिच्या पल्लवीचं लग्न ठरलं. पल्लवीला मामा हा एकुलता एक. मामाशिवाय नवरीला बोहल्यावर आणायचं कुणी? भागुजी पोचायलाच हवा होता.

त्याच सुमारास दोन्हीकडं नवीन विमानतळं झाली. पुढाऱ्यांनी फिती कापल्या आणि हा मोठा फलक लावला, ‘हिवरपूर फक्त चाळीस मिनिटांत’. साखरपुडा अकराचा होता. भागुजीनं बरोबर दहा वाजून वीस मिनिटांनी घराला कुलूप घातलं. विमानतळ करडवाडीपासून दीड तासावर, हे काही फलकावर लिहिलेलं नव्हतं. तो पोचला तेव्हा विमान केव्हाच उडालं होतं.

गोदाक्कानं फोनवर त्याला झाडलं. अरे, दोन तास आधी जाऊन बसायचं असतं, म्हणाली.

मग लग्नाचा बस्ता निघाला. विमानात जागा नव्हती, म्हणून भागुजी एसटी स्टँडवर गेला. हिवरपूरची गाडी समोरच उभी, निम्मी रिकामी. पण हा बाकावरून हलेना, दोन तास कुठं झाले होते? दोन तासांनी उठला, तर पुढच्या गाडीला लोक दारात लोंबकळत होते. बस्ता मामाशिवायच बांधला. भाऊजींनी कपाळाला हात लावला. गाडी दिसली की पळत सुटायचं, खिडकीतून रुमाल टाकायचा आणि जागा धरायची, एवढंही कळत नाही का, असं त्यांनी सुनावलं.

हळदीच्या दिवशी भागुजी विमानतळावर हजर. विमान दिसलं मात्र, धोतर सावरत पळत सुटला. खिडकी काही उघडेना. म्हणून त्यानं रुमाल पंखावर टाकला. मागून पोलीस धावत आले. हे काय चाललंय, म्हणाले.

“जागा धरतोय,” भागुजी म्हणाला. “मला खिडकीच लागते.”

विमान गेलं आणि भागुजी चौकीत बसला. तिकडं हळद लागली. चौकशी करून करून साहेब थकले. त्यांनी हात जोडले. मामा, उद्या जा, पण आता दुसऱ्या कुणाचं ऐकू नका, विमानातली बाई सांगेल तेवढंच करा.

लग्नाच्या दिवशी भागुजीनं कान टवकारून ऐकलं. अडचणीच्या वेळी वरून प्राणवायूचा मुखवटा खाली येईल, तो आधी स्वतःला लावा, मग शेजारच्याला, असं बाईनं हातवारे करून सांगितलं. विमान चाळीस मिनिटांत उतरलं, खोटं कशाला बोला? घरापासून मांडवापर्यंत मात्र पावणेसहा तास झाले. एसटीला पाच लागतात. पण विमान ते विमान.

मुहूर्ताला पाच मिनिटं उरली होती. त्याला बघून गोदाक्काला रडूच कोसळलं. भागुजीनं पल्लवीला अगदी नीट बोहल्यावर आणलं. भाऊजींनी दोन्ही हार त्याच्या हातात दिले, अंतरपाट दूर झाला की लगेच घालायचे म्हणून कानात सांगितलं आणि पाहुण्यांकडं वळले.

मंगलाष्टकं संपली. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. बघतात तर नवरानवरी मोकळ्या गळ्यानं उभी. एक हार भागुजीच्या गळ्यात आणि दुसरा, दोन्ही हातांत अंतरपाट धरलेल्या गुरुजींच्या.

“मामा, आमचे हार?” पल्लवी म्हणाली.

“आधी स्वतःला, मग शेजारच्याला,” भागुजी म्हणाला. “तुझा नंबर तिसरा होता, पोरी. तोवर हार संपले.”