भोपळ्यावरचे पाऊल

शुद्धलेखन चुकले तर माफ करा. सातवीनंतर मी शाळेत गेलो नाही, आणि माझे शब्दही साधेच आहेत. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना ही हकिगत माझे बाबा सांगायचे. यंदा बाबा नाहीत. काल मी सांगायला लागलो तर मध्येच अडलो, म्हणून लिहून ठेवतो.

आमच्या आंबेसरी वाडीच्या वर रिता कडा आहे. शेजारच्या दोन्ही कड्यांना आग्या मोहोळांची काळी पोळी लटकतात, या कड्याला एकही नाही. आणि भादव्यात वाडीतले पुरुष पहाटे उठून, चहाच्याही आधी, भोपळ्याच्या वेलांत वाकलेले दिसतात. पाहुण्यांना हसू येते. त्याचे कारण असे सांगतात.

फार पूर्वी इथे हैबती नावाचा गडी राहायचा. बायको ठमा, आणि सुली नावाची चार वर्षांची मुलगी. त्या साली नाचणी पावसाने कुजली होती. माळ्यावर ठेवून उन्हाळ्यापर्यंत टिकेल असे एकच पीक उरले होते, भोपळा. वेलांना फुले भरभरून आली, पण पाकळ्यांची चाळण झालेली. हैबतीने बघितले तर फुलाफुलात माश्या पिवळ्या भुकटीत लोळत होत्या. त्याला वाटले, चोर सापडले.

ठमा म्हणाली, "अवं, भोकं लाल किडं पाडत्यात. माश्या नुसत्या येत्यात अन् जात्यात."

"तू काय माश्यांच्या माहेरची?" हैबती म्हणाला, आणि सगळी वाडी हसली.

त्याच सांजेला त्याने गडी जमवून, तेव्हा पोळ्यांनी भरलेल्या या कड्यावर पलिते चढवले. खाली जळक्या माश्यांचा एवढा खच पडला, म्हणे, की पाय ठेवायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून फुले उमलायची आणि कोणी न येताच ऊन चढले की मिटायची. ज्या फुलांच्या बुडाशी लिंबाएवढा भोपळा असतो, ती पिवळी पडून गळू लागली. लाल किडे मात्र तसेच चरत होते. तेव्हा कुठे हैबतीला कळले.

ठमाने आधीच हेरले होते. नुसत्या देठाच्या फुलातून उठलेली माशी बुडाशी भोपळा असलेल्या फुलात बसली, की तो भोपळा धरतो. मग तीच माशीचे काम करू लागली. रोज पहाटे देठाची फुले खुडायची आणि त्यांतली भुकटी दुसऱ्या फुलांत टेकवत हिंडायची, आपल्याच नाही, सगळ्यांच्या वेलांवर. पण बहर सरत आला होता. सात भोपळे धरले. पहिल्यावर तिने बाभळीच्या काट्याने सुलीचे पाऊल कोरले, नखाएवढे. भोपळा फुगत गेला तसे पाऊलही वाढले. सुली रोज त्याला पाय लावून बघायची. "आये, अजून माझंच मोठं!"

सात भोपळे आणि घरे नऊ. माघापर्यंत कसेबसे पुरवले. पावलाचा भोपळा सगळ्यात शेवटी कापला. त्याच्या बिया ठमाने राखेत घोळून ठेवल्या.

फाल्गुनात सुली गेली.

 पुढच्या भादव्यात त्याच बियांच्या वेलांत हैबती स्वतः वाकला. शेजारच्या कड्यांवर तोवर नवी मोहोळे बसून माश्या येऊ लागल्या होत्या, तरी वाकला. पहिला भोपळा धरला तेव्हा त्याने त्यावर पाऊल कोरले. ठमा दारात उभी राहून बघत होती. 

आजही रित्या कड्याला पोळे धरत नाही. आजही प्रत्येक घरचा पुरुष पहिल्या भोपळ्यावर नखाएवढे पाऊल कोरतो. दसऱ्यापर्यंत ते चार वर्षांच्या पोरीच्या पावलाएवढे होते. मग भोपळा वाढायचा थांबतो.

काल एका पाहुण्या ताईंनी विचारले, "आता माश्या आहेत ना? मग हे कशाला करता?" मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

आज पहाटे मी बाबांनी लावलेल्या वेलात गेलो. बुडाशी भोपळा असलेले पहिले फूल उमलले होते. आत एक माशी आधीच आली होती, पाठ पिवळी झालेली. हातातले देठाचे फूल धरून, ती निघेपर्यंत मी उभा राहिलो. ती उडाली.

मग मीही टेकवले.