आत उघडणारे फाटक

फार पूर्वी एका गुराख्याने गुरांच्या वाड्याला आत उघडणारे फाटक बसवले. एकदा वाड्यामागची गंजी पेटली. सारी गुरे फाटकावर आदळली आणि पुढचे वासरू चेंगरू लागले. गुराखी बाहेरून ढकलत होता, पण फाटक हलेना.

"मागे सरा, म्हणजे मला उघडता येईल," फाटक थकून म्हणाले.

"मला काय सांगतेस? मागच्यांना सांग," बैल फुरफुरला.

प्रत्येकाने तेच म्हटले. सर्वांत मागे म्हातारी गाय होती; तिच्यामागे केवळ धूर. देवाचे नाव घेऊन ती धुरात मागे सरली. मग तिच्यापुढची गुरे सरली, शेवटी बैलही. फाटक उघडले.

गाय खोकत सर्वांनंतर बाहेर आली.

"पाहिलेस, कसे उघडले मी?" बैल म्हणाला.

"असेल, बाबा. वासरू कुठे आहे?"