भैरोबा अंधारात बसतो तेव्हा

चपला तिथेच काढा आणि या आत. अंधार बघून बिचकू नका, भैरोबा जागेवरच आहे. वर छताला पितळी साखळी लोंबतेय ना, तिला लामणदिवा टांगलेला असतो. आज तो गावात गेलाय. आमच्याकडे कुणी बाळंत व्हायची असली की देवाचा दिवा त्या घरी जातो, आणि तो परत येईपर्यंत गुरवाने देवळातून हलायचं नाही, अशी रीत आहे. गुरव मी. आणि दिवा आज माझ्याच घरी आहे. लेक वैजयंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. सकाळपासून तालुक्याच्या दवाखान्यात आहे, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात की जरा अवघड आहे. मला इथून उठता येत नाही. तेव्हा बसा, या रितीची गोष्ट सांगतो. तेवढाच माझाही जीव थाऱ्यावर राहील.

फार जुनी गोष्ट. दोन वर्षं पाऊस नव्हता, असं सांगतात. ना तीळ, ना करडई. सगुणा तेलिणीचा घाणा कोरडा पडला होता. देवाच्या दिव्याला तेल घालायचं व्रत तिच्या घराण्याकडे. घरात शेवटचं पळीभर तेल उरलं होतं, तेही तिने एका सकाळी आणून या दिव्यात ओतलं. घरी सून भरल्या दिवसांची आहे, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण त्या काळची माणसं आधी देवाचं बघायची.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला सून अडली. अवसेचा दिवस, आणि सगळ्या गावाला तेल पुरवणाऱ्या घरात वात भिजवायला थेंब नाही. चुलीतली लाकडं पेटवून बघितली, पण उजेड थोडा आणि धूरच फार. येसूआई सुईण मोठी जाणती होती. तिच्या हाताला आधी मुलाचा पाय लागला. ती म्हणाली, "सगुणे, पोर पायाळू हाय. मला नीट दिसलं तर दोगं वाचतील. उजेड आण कुठनं बी."

सगुणा अनवाणी इथे धावत आली. तेव्हाचा गुरव धोंडबा, आमचा पूर्वज. बापाने मरताना त्याला बजावलं होतं, दिवा जागचा हलला तर देव गाव सोडून जाईल. धोंडबाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने देवाला कौल लावला. म्हणजे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार. दोघंही टक लावून बसले. एकही फूल हलेना.

"किती येळ बगायचं रं, धोंडबा?"

"देव बोलंना, काकी. म्या काय करू?"

"देवाला बोलायला लई दीस हाईत. माज्या सुनंला न्हाईत."

धोंडबाने दिवा काढला आणि तिच्या हातात दिला. तेलाचा एक थेंबही सांडला नाही, असं सांगतात. मग तो त्या उंबऱ्यावर आडवा पडला. देवाला जायचंच असेल तर मला ओलांडून जाऊ दे, म्हणाला. आता हसू येतं, पण त्या माणसाला वाटत होतं की गाव आपल्या हातून बुडालं.

थोड्या वेळाने अंधारात पोराचं रडणं ऐकू आलं. घर जवळच होतं. मग सगुणा दिवा घेऊन स्वतः आली. मुलगी झाली होती, मायलेकी सुखरूप होत्या. उजेड आत पडला आणि दोघांनी बघितलं, उजवं फूल देवाच्या पायाशी पडलं होतं. कधी पडलं, ते अंधारात कुणी बघितलं? कुणी म्हणेल, ओलं फूल सुकलं की पडायचंच. म्हणू द्या. धोंडबा मात्र लहान पोरासारखा रडला म्हणे, देव गेला नाही म्हणून.

तेव्हापासून लग्नाला, विहिरीला, भावाभावांच्या भांडणाला आम्ही कौल लावतो. बाळंतपणाला लावत नाही. देवाने एकदा सांगितलंय, परत परत काय विचारायचं? आजही गावात नवं घर बांधताना या दिव्यासाठी एक आकडा आधी ठोकतात. स्लॅबच्या घरातसुद्धा पंख्याशेजारी असतो, बघा. दवाखान्यात विजेचा लख्ख उजेड आहे, हे आम्हालाही कळतं. तरी खुशालीचा फोन येईपर्यंत दिवा घरच्या आकड्याला जळतो, आणि गुरव इथे...

थांबा. पायऱ्यांवर उजेड दिसतोय. आमची मंडळी आहे.

"अवं, नात झाली! दोगी बी खुशाल हाईत. रडताय कशापायी?"

रडत नाही, धूर गेला डोळ्यांत. पाहुणे, तुम्ही उंच आहात, जरा हा दिवा साखळीला अडकवता का? हां, सावकाश. सांडलं थोडं? सांडू दे, आज घरात तेल पुष्कळ आहे. आता या पुढे, देव नीट दिसेल.