नानासाहेबांचं रडू

ग्रामपंचायतीसमोरचं अंगणवाडीचं मैदान नानासाहेब इंगवल्यांना त्यांच्या मंगल कार्यालयासाठी हवं होतं. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागणार होता. नानासाहेब भाषणाला उभे राहिले, पण मैदानाचं नावच काढेनात. आधी त्यांना दिवंगत आई आठवली, मग गावची माती, आणि मग रडूच कोसळलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी एवढी शिकलेली, पण पदर माझाही डोळ्यांना गेलाच.

"मग करायचा ना मंजूर?" सरपंचबाईंनी विचारलं. भराभर हात वर झाले.

माझी चिमुरडी लेक अन्वी त्याच मैदानात खेळते, म्हणून घाबरत घाबरत मी उठले. "नानासाहेब, आमची अन्वी रडायला लागली की ती बघते कुठे, ते मी आधी पाहते. डोळे बिस्किटाच्या डब्याकडे असले, तर तिला बिस्कीट हवं असतं. तुम्ही रडताय आईच्या नावानं, पण मघापासून बघताय मैदानाकडे."

सभेत खसखस पिकली. नानासाहेबांनी हुंदका आणखी मोठा काढला.

"मग अशा वेळी तू काय करतेस गं?" सरपंचबाईंनी हसू दाबत विचारलं.

"काहीच नाही. लक्ष दिलं नाही की आपोआप थांबतं."

एकेक हात खाली आला. आणि खरंच, थांबलं.