सात ओळी अंड्यांच्या

मुंग्याही पाढे शिकायच्या त्या काळची ही गोष्ट. बांधावरच्या वारुळात गोदूबाई नावाची म्हातारी मुंगी शाळा घ्यायची. तिथल्या रेवीला पाढे काही पाठ होत नसत. सहाच्या पाढ्यात ती रोज अडखळायची आणि बाकीच्या हसायच्या.

गोदूबाईंनी तिच्यापुढे राळ्याचे दाणे ठेवले. "पाठांतर राहू दे. सहा-सहाच्या ओळी मांड. एक ओळ वाढली की काय होतं ते बघ." शाळा सुटली तरी रेवी ओळी मांडत बसायची.

एका दुपारी शेतात पाटाचं पाणी सोडलं आणि ते वारुळाकडे सरकू लागलं. अंडी हलवायची होती. एका मुंगीला एकच अंडं पेलायचं. वाट अरुंद होती, जास्त जणी घुसल्या तर सगळ्याच अडकणार.

राणीने विचारलं, "किती जणी पाठवू?"

पोरी घडाघडा पाढे म्हणू लागल्या, पण कुठला पाढा हवा तेच त्यांना कळेना. रेवीने अंड्यांच्या खोलीत डोकावून पाहिलं.

"सात ओळी आहेत, प्रत्येकीत सहा अंडी. बेचाळीस जणी पाठवा."

"नक्की?"

"नक्की."

शेवटची मुंगी बाहेर पडली आणि पाणी आत शिरलं. आत एकही अंडं उरलं नव्हतं, आणि एकही मुंगी रिकाम्या हाताने परतली नव्हती.