वर्षाच्या मेखा

राजे होते, रस्ते होते, पण घड्याळं अजून यायची होती, तेव्हाची ही गोष्ट. मुलांनी ऐकावी, आणि त्यांच्या आजीआजोबांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी.

एका राजाच्या पदरी एक मुक्कामदार होता. राजाची स्वारी निघायची, तेव्हा कुठे थांबायचं, कुठे तंबू ठोकायचे, हे ठरवण्याचं काम त्याच्याकडे असे. स्वारीच्या आधी एक दिवस तो आपल्या चंद्री घोडीवर बसून पुढे जाई. विहिरीचं पाणी चाखून बघे, गवत हाताळून बघे, वारा कुठून येतो ते बघे. मग मेख ठोकून म्हणे, “उद्याचा मुक्काम इथे.” त्याने ठोकलेली मेख कधी कुणाला हलवावी लागली नाही. याचा त्याला भारी अभिमान होता, आणि खरं म्हणजे तो असायलाही हरकत नव्हती.

अशी उभी हयात रस्त्यावर गेली. घरी त्याची बायको एकटीच असे. तिची थोरली बहीण घाटाखालच्या गावी दिली होती. एकीला सोडायला कुणी नाही, दुसरीला आणायला कुणी नाही. दोघींची भेट होऊन किती वर्षं झाली, ते दोघींनी मोजायचंच सोडून दिलं होतं.

शेवटी मुक्कामदार म्हातारा झाला. राजाने त्याला शेला पांघरवला आणि म्हटलं, “आता घरी आराम करा.” त्या राज्यात अशी रीत होती, की चाकरीतून मोकळ्या झालेल्या माणसाने पाडव्याच्या दिवशी भर दरबारात ओंजळीत पाणी घ्यायचं, नव्या वर्षाचा संकल्प सांगायचा आणि पाणी सोडायचं. कुणी म्हणे नातवंडं सांभाळीन, कुणी म्हणे भजन करीन. कुणी नुसताच हसून पाणी सोडी.

आपल्या मुक्कामदाराने मात्र सबंध वर्ष आखून आणलं होतं. “महाराज, बारा महिन्यांचे बारा मुक्काम ठरवलेत. चैत्रात घर शाकारणार. वैशाखात कुंपणाचा गडगा रचणार…” असं करत करत तो कार्तिकापर्यंत आला. “कार्तिकात विहिरीचा काठ बांधणार. आणि मार्गशीर्षात बायकोला तिच्या बहिणीकडे घेऊन जाणार. पुढचे तीन मुक्कामही ठरलेत. यातली एक मेख हलायची नाही.”

दरबाराने वाहवा केली. राजाही खूश झाला. घरी येऊन मुक्कामदाराने अंगणात खरोखरच बारा मेखा ठोकल्या. बायकोला इतका आनंद झाला, की तिने आपल्या जुन्या हिरव्या चोळीची चिंधी फाडून मार्गशीर्षाच्या मेखेला बांधली.

खरं सांगायचं तर माणूस घाबरला होता. उद्या कुठे जायचं हे ठाऊक नसलेला दिवस त्याने जन्मात पाहिला नव्हता. मेखा नसत्या, तर सकाळी उठून काय करायचं, हेच त्याला सुचलं नसतं. पण हे तो कुणाला सांगणार?

वैशाखात गडग्याचं काम चाललं होतं. मिठाचे बैल घेऊन घाटाखालून एक लमाण आला. तो बायकोला म्हणाला, “बाई, तुझ्या बहिणीचा निरोप आहे. तिच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलंय. वैद्य म्हणतो, वाढतच जाईल. ती म्हणाली, ‘दिसतंय तोवर धाकटीला एकदा डोळे भरून बघू दे.’”

बायको तशीच धावत नवऱ्याकडे गेली. “अहो, आपण आत्ताच जाऊन येऊ या का?”

“जाऊ ना,” तो हातातला दगड नीट बसवत म्हणाला. “मार्गशीर्षात जायचं ठरलंच आहे. रस्ते कोरडे असतात, हवा छान असते. मी सगळा विचार केलाय.”

“मग मी या लमाणांच्या तांड्याबरोबर जाते.”

“भर दरबारात बोललोय मी, की मी घेऊन जाईन. लोक काय म्हणतील? इतकी वर्षं थांबलीस, आता थोडे महिने थांब.”

ती परत घरात गेली. इतकी वर्षं थांबायची सवय झालेली बाई आणखी काय करणार! पुढे पाऊस लागला आणि घाट बंद झाला.

आश्विनात वाट मोकळी झाली, आणि तोच लमाण पुन्हा आला. “बाई, आता अगदी नाकाशी नाक आणलं, तरच तिला माणूस ओळखू येतं.”

या वेळी बायको रडली. “अहो, ती मेख उपटा. पाया पडते तुमच्या. विहीर कुठे पळून जात नाही.”

मुक्कामदाराचा जीव कासावीस झाला. तो काही दगडाचा नव्हता. पण आज एक मेख उपटली, की उद्या दुसरी उपटेल, मग आपल्या हातात राहिलं काय, असं त्याला वाटलं. “दीड महिन्याचा तर प्रश्न आहे,” एवढंच तो पुटपुटला आणि गोठ्यात निघून गेला.

तिथे चंद्री घोडी बोलली. त्याला नवल वाटलं नाही, कारण बायकोपेक्षा जास्त दिवस त्याने घोडीबरोबर काढले होते.

“धनी, मेख ठोकायच्या आधी आपण काय करायचो?”

“पुढे जाऊन बघून यायचो.”

“पाणी आटलेलं दिसलं तर?”

“तर तिथे थांबायचंच नाही. दुसरी जागा बघायची.”

“मग या वर्षाच्या पुढे जाऊन कधी बघून आलात?” घोडी म्हणाली. “मला तर तुम्ही खोगीर घातलं नव्हतं.”

उत्तर नसलेली माणसं रागावतात, तसा मुक्कामदारही रागावला. “तुला घोडीला काय कळतंय!” असं म्हणून तो विहिरीचे दगड फोडायला गेला.

विहिरीचा काठ झकास झाला. मार्गशीर्ष लागला. ठरल्या दिवशी त्याने बायकोला घोडीवर बसवलं, लगाम हातात घेतला, आणि दोघं घाट उतरून गेली. रस्ते कोरडे होते, हवा छान होती. त्याचा अंदाज तिळमात्र चुकला नव्हता.

बहीण ओटीवर दाराकडे तोंड करून बसली होती. पावलं वाजली तशी म्हणाली, “कोण आलंय?”

बायको जाऊन नुसती समोर बसली. बहिणीने हात पुढे केला, तिच्या कपाळावरून, गालांवरून फिरवला, आणि तो तिथेच थांबला.

“धाकटे! आलीस गं! दिवाळीपर्यंत दारातला उजेड तरी कळायचा मला. कुणी आलं की सावली हलायची. वाटायचं, तूच असशील. आता काही म्हणजे काही कळत नाही बघ.”

दोघी गळ्यात पडून रडल्या. मग बहिणीने डोळे पुसले. “एक खरं सांग. तुझे केस पांढरे झाले का गं?”

बायकोचं डोकं कापसासारखं झालं होतं.

“नाही गं आक्का,” ती म्हणाली. “तू बघितले होतेस ना, तसेच आहेत. काळेभोर.”

“बरं झालं,” बहीण समाधानाने म्हणाली. “मला तशीच आठवतेस तू.”

मुक्कामदार अंगणात लगाम धरून उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

परत येताना बायको एका शब्दाने टोचून बोलली नाही. घरी आल्यावर तिने नेहमीसारखी चूल पेटवली, नेहमीसारखं वाढलं. मुक्कामदाराने अंगणातल्या उरलेल्या महिन्यांच्या मेखा उपटून टाकल्या. तिने त्या बघितल्या आणि ताटं उचलली.

पुन्हा पाडवा आला. या खेपेला तो दरबारात गेला नाही. घरातच ओंजळीत पाणी घेऊन तो बायकोसमोर उभा राहिला. ती गुढीला साखरेची माळ बांधत होती.

“यंदा मी काही ठरवलेलं नाही,” तो म्हणाला. “तू म्हणशील तेव्हा निघू. उद्या म्हणालीस तर उद्या. अर्धं काम टाकून निघू. सांग, कुठे जायचं? आक्काकडे जायचं?”

बायकोने माळेची गाठ नीट मारली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर त्याला सोसला असता.

“मला आता कुठेच जायचं नाही हो,” ती म्हणाली. “तिच्यापुढे पुन्हा खोटं बोलायला माझी जीभ रेटायची नाही.”

येणाऱ्या वर्षाच्या पुढे जाऊन कुणालाच बघून येता येत नाही. म्हणून उतारवयात संकल्प जरूर करावा, पण आपल्या माणसाची हाक आली की बदलता येईल, इतपतच तो पक्का करावा.